एक आत, एक बाहेर

हॅमिल्टन, १२ जानेवारी

चि. रेआल यास,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. सौ. हेल्मीलाही सांगणे. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू बोलत नाहीस, यंत्रांची नावं वाचून दाखवतोस. मी तुझ्या गुडघ्याचं विचारलं की तू नव्या सिंथचं, त्या तऱ्हेतऱ्हेचे आवाज बनवायच्या पेटीचं सांगतोस. हेल्मी कशी आहे म्हटलं तर बरी आहे एवढ्यावर आटोपतं आणि पुन्हा सिंथ. पत्रात निदान तुला मला मधेच तोडता येत नाही.

काल आपल्या सिंथवाल्यांच्या गुरुवारच्या मंडळात गेले होते. परत येताना बसमध्ये अक्षरशः मळमळत होतं, आणि मी बस डेपोत आयुष्य घालवलेली बाई, मला बस लागत नाही. युनियन हॉलचं तळघर तेच, माणसं तीच. दातांचे डॉक्टर ड्वाइट यांनी नवा सिंथ आणला. तो खोक्यातून बाहेर काढला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या मिळवायला त्या गृहस्थाने केलं काय होतं, तर पार्सलवर सही. वरची प्लास्टिकची पातळ फिल्म तो काढत नाही आणि कुणाला काढूही देत नाही. मला आपल्या जिनेतमावशीचा सोफा आठवला. उन्हाळ्यात त्या प्लास्टिकला मांड्या चिकटायच्या आणि उठताना कातडी सोलल्यासारखं व्हायचं. मग चिकन विंग्ज आल्या. नारिंगी सॉसने बरबटलेली बोटं पँटला पुसून लोक तशीच पट्ट्यांवर ठेवत होते. शेवटी सगळ्यांनी मिळून एक सूर धरला, जुना फ्रीज घरघरतो तसा, आणि डोळे मिटून माना हलवत बसले. ते का सुरू झालं ते कळलं नाही, आणि थांबलं ते कुणाचा तरी पाय प्लगवर पडला म्हणून. एकालाही गाणं पुरं करायचं नाहीये, रेआल. नुसतं मांडून बसायचंय.

म्हणून मी एक ठरवलंय. ९ मेला मंडळाची वसंताची संध्याकाळ असते, ज्याला वाजवायचं असेल त्याला थोडा थोडा वेळ मिळतो. मी नाव दिलं. माझ्या घराच्या तळघरात, घर तापवायच्या फर्नेसशेजारी बसून इतकी वर्षं एकटीने वाजवलं, आता एकदा लोकांसमोर वाजवायचंय. त्यासाठी माझा सिंथ परत हवा. सप्टेंबरात तू तो एका हिवाळ्यापुरता म्हणून नेलास, त्यावर तुझा अल्बम पुरा होणार होता. तो झाला असो नसो, मार्च संपायच्या आत यंत्र माझ्या घरी आलं पाहिजे.

ते यंत्र माझ्यासाठी काय आहे हे तुला सांगायला नको, तरी सांगते. घेतलं तेव्हा त्याच्या पट्ट्या दाबल्या की वर येत नव्हत्या. एकेक उचकटून पाहिली तर आतला गोंद वितळून लाल चिकट घाण झालेली, आणि तीत आधीच्या मालकाचे केस, नखांचे तुकडे आणि एक झुरळ. नाकाला फडकं बांधून ते सगळं मी कान कोरायच्या काड्यांनी काढलं आहे. कुठलं सप्तक कुठे सुरू होतं ते अंधारात कळावं म्हणून नेलपॉलिशचे ठिपके दिले. मग एकेक आवाज बसवत गेले. चौदा नंबरच्या बसचं दार. बर्फ काढताना सिमेंटवर घासणारं फावडं. हेल्मीचं हसू. हेल्मी हसायच्या आधी श्वास आत ओढते आणि क्षणभर थांबते, मग एकदम सोडते, ते मला महिनोन्‌महिने साधत नव्हतं. हे सगळं त्या यंत्राच्या पोटातल्या एका बारक्या सेलवर जिवंत आहे. दुसरीकडे उतरवून ठेवीन ठेवीन म्हणत राहिले आणि तू घेऊन गेलास.

तेव्हा सांभाळून पॅक कर आणि पाठव, किंवा घेऊन ये. लोभ आहेच, यंत्र आलं की वाढेल.

ओडेट

---

सडबरी, २६ जानेवारी

ती. ओडेटताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, शिव्याही पोचल्या. हेल्मीला तुझा आशीर्वाद तेवढा सांगितला, बाकीचं मी एकट्यानेच पचवलं.

मंडळावर इतकी भडकू नकोस. भली माणसं आहेत. दर ऑक्टोबरात मी येतो तेव्हा मला कोपऱ्यातली चांगली खुर्ची देतात, आणि ड्वाइट तर मला भावासारखा वागवतो. फिल्म काढत नाही हे खरं, पण त्याच्याकडचं यंत्र बघायला काय सुंदर दिसतं ते तू बघत नाहीस. तुला सगळ्यात आधी घाण दिसते. लहानपणीही सूप ढवळून आत काय आहे ते बघितल्याशिवाय तू चमचा तोंडात घातला नाहीस.

माझ्याकडे आता एक अद्भुत वस्तू आहे. कपाटाएवढी. पट्ट्या नाहीतच, नुसती भोकं आणि त्यांत खुपसायच्या रंगीत वायरी. एक आवाज जुळवायला अख्खी सकाळ जाते, आणि वायरी उपसल्या की तो आवाज पुन्हा कधीच मिळत नाही. खाणीत शिफ्ट करून येतो, अंघोळसुद्धा न करता तिच्यासमोर बसतो. हेल्मीने घरात कायदा केलाय, तुला माहीत आहे ना? एक आत, एक बाहेर. नवं यंत्र उंबरठ्याच्या आत यायचं तर एक जुनं आधी बाहेर गेलं पाहिजे. आपल्या या छंदातल्या निम्म्या घरांत हाच कायदा आहे आणि निम्मे नवरे तो मोडतात. मी मोडत नाही. मी दिलेला शब्द पाळतो.

अल्बमचं म्हणशील तर फार पुढे आलोय. नाव ठरलं, मुखपृष्ठाचा फोटो काढून झाला, गाण्यांचा क्रमही लागला. फक्त गाणी राहिली आहेत.

तुझा सिंथ सध्या नॉर्थ बे गावात दुरुस्तीला दिलाय. तीच लाल घाण पुन्हा वर आली होती. दुरुस्तीवाला माणूस हुशार आहे पण सावकाश, त्याला घाई केलेली चालत नाही. मे महिना अजून लांब आहे. तू तब्येतीला जप आणि बर्फात फावडं मारू नकोस, शेजारच्याला सांग.

लोभ असावा, सोबत थोडा धीरही असावा.

तुझा
रेआल

---

सडबरी, १६ फेब्रुवारी

ती. वन्संना,
हेल्मीचा सा. न. वि. वि.

तुमचा आशीर्वाद यांनी सांगितला, पत्र काही दाखवलं नाही. पत्र दाखवत नाहीत तेव्हा त्यात यांच्याबद्दल खरं लिहिलेलं असतं हे मला आता कळतं. म्हणून मीच आपण होऊन लिहायला बसले.

मला वीट आलाय, वन्सं. आमचा सौना तुम्ही बघितलेला आहे. माझ्या बाबांनी देवदाराच्या फळ्या स्वतः रंधून बांधला. लहानपणापासून दर शनिवारी मी तिथे दगडांवर पाणी ओतून वाफेत बसत आले. आता तिथे वरच्या फळीवर यंत्रं, खालच्या फळीवर यंत्रं, शेगडीच्या दगडांवरसुद्धा पुठ्ठा टाकून एक यंत्र. शनिवारी मी टॉवेल खांद्यावर टाकून शेजारच्या लेम्पीकडे जाते आणि तिच्या दोन्ही जावांसमोर उघडी बसते. इकडे हे आमच्या सौनात चड्डीवर बसून बटणं पिळत असतात. खाणीचा घाम, तापलेली धूळ, आणि कुण्या चेनस्मोकरच्या घरातून आलेला एक पिवळा पडलेला सिंथ. त्याच्या पट्ट्या ओल्या फडक्याने पुसल्या तर बादलीत चहासारखं पाणी जमलं. दार उघडताना मी नाकाला टॉवेल लावते. बरं, एवढं करून गाणं ऐकायला मिळेल तर तेही नाही. एक तुकडा वाजतो, फिरून तोच, फिरून तोच. मी भांडी घासताना तो पुरा करून टाकते, तोंडाने.

एक मात्र बरं झालं. माझा कायदा लागू पडला. नोव्हेंबरात यांना ते वायरींचं कपाट आणायचं होतं, तर मी दारात आडवी उभी राहिले. आधी एक बाहेर जाईल तेव्हाच आत येईल म्हटलं. वाटलं होतं रडतील, रुसतील. पण टोरांटोहून व्हॅनवाला आला आणि हे निमूट आत जाऊन तो लांबडा काळा सिंथ घेऊन आले, पट्ट्यांवर लाल नेलपॉलिशचे ठिपके असलेला. तो व्हॅनमध्ये गेला आणि कपाट आत आलं. दार मीच धरलं होतं. नेलपॉलिश बघून जरा चमकले, कारण तसला रंग मी लावत नाही. पण दुसरी बाई असती तरी या घरात तिला बसायला जागा कुठे आहे, असा विचार करून सोडून दिलं.

तुम्ही त्यांच्या मोठ्या, तुमचं थोडं तरी ऐकतात. माझा सौना मला मोकळा करून द्या. दुसरं काही मागत नाही.

लोभ आहे तो माझ्यावर ठेवा, यांच्यावरचा थोडा कमी केलात तरी चालेल.

आपली
हेल्मी

---

हॅमिल्टन, २४ फेब्रुवारी

रेआल,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही. वर चि. लिहिलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

नॉर्थ बेचा तो हुशार आणि सावकाश माणूस कसा आहे? टोरांटोच्या व्हॅनमधून त्याच्याकडे पोचायला वेळ लागत असेल. हेल्मीने मला काय लिहिलं हे तिला माहीत नाही, तिच्यावर ओरडू नकोस. तिने बिचारीने आनंदाने कळवलं की कायदा पाळला गेला. नेलपॉलिश तिच्या नजरेला पडलं, आणि ते कुणाचं हा प्रश्न तिच्या मनात आला. तुझ्या मनात आला नाही.

मला राग येईल अशी तुझी समजूत असेल. राग नाही, शिसारी आली. पत्र वाचलं, चूळ भरली आणि पुन्हा वाचलं. त्या पट्ट्यांखालची लाल घाण काढताना मला इतकं घाण वाटलं नव्हतं. तू चोरी केली असतीस तर निदान समजून घेता आलं असतं, चोराला वस्तू हवी असते. तू तर माझी वस्तू नको म्हणून दिलीस, आणि वर मला दुरुस्तीच्या गोष्टी लिहिल्यास, थंडीत जप म्हणून लिहिलंस.

यंत्रापेक्षा मला आवाजांची धास्ती आहे. आपल्यातला कुणीही जुना सिंथ घरी आणला की पहिलं काम काय करतो? आधीच्या माणसाचे आवाज पुसतो आणि कारखान्यातून आला तसा कोरा करतो. तू करतोस, मीही केलंय. कुणाच्या तरी गॅरेजमध्ये आतापर्यंत ते झालं असेल. माझी सगळी वर्षं दोन बटणं एकदम दाबली की जातात.

मंडळातलं नाव मी मागे घेतलं. यंत्र कुठे गेलं ते शोधून काढ आणि कळव. लोभाबद्दल सध्या काही लिहीत नाही.

ओडेट

---

सडबरी, ५ मार्च

ती. ओडेटताईस,
रेआलचा शि. सा. न. वि. वि. तू चि. लिहिलं नाहीस तरी मी ती. लिहिणार.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. टोरांटोवाल्याला फोन केला. त्याने तो सिंथ ख्रिसमसच्या आधीच पुढे विकला, कुणाला ते सांगत नाही, त्याच्या धंद्याचा नियम आहे म्हणतो. पुन्हा करीन फोन.

माझं काय झालं ते सांगतो, पटणार नाही तरी सांगतो. व्हॅन दारात उभी, हेल्मी दारात आडवी. मी सौनात जाऊन एकेका यंत्राकडे बघत होतो. हे देऊ का? याचा तो खर्जातला आवाज. ते देऊ का? ते मिळवायला मी बर्फातून थंडर बे गावापर्यंत गेलो होतो. एकही सोडवेना. सगळ्या रांगेत एकच असं होतं की ज्याच्यासाठी जीव तुटत नव्हता, आणि ते तुझं होतं. माझं नव्हतं म्हणूनच ते सोडता आलं. त्या क्षणी हे मला इतकं सरळ वाटलं की आता आठवलं तर कानशिलं गरम होतात. पुढे कधीतरी दुसरं तसंच शोधून तुला आणून देईन असंही ठरवलं होतं.

पण ताई, तूही एक ऐक. तू दोन वर्षं त्याला हात लावला नव्हतास. मी न्यायला आलो तेव्हा त्यावर तुझे वाळत घातलेले मोजे होते. हेल्मीच्या हसण्याचं ते गाणं तू मला बाबा होते तेव्हापासून ऐकवतेस, आणि दर वेळी तेवढंच. मंडळातल्या लोकांची तुला किळस येते, माझी येते. तुझं गाणं तरी कुठे पुरं झालंय?

हे लिहायला नको होतं. खोडलं तर तू उजेडात धरून वाचशील, म्हणून राहू देतो. हेल्मीला अजून सांगितलेलं नाही.

लोभ मागायचं तोंड नाही.

रेआल

---

हॅमिल्टन, १० मे

रेआल यास,
वि. वि.

तुझ्या मार्चमधल्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. मोज्यांचं लिहिलंस ते खरं होतं आणि खरं असल्यामुळे जास्तच घाणेरडं होतं. ते बाजूला राहू दे. काल जे झालं ते तुला कळलंच पाहिजे.

वसंताच्या संध्याकाळी मी वाजवणार नव्हते, पण कॉफीचं मोठं भांडं आणायचं कबूल केलं होतं म्हणून गेले. आधी नेहमीचंच झालं. ड्वाइटने फिल्मसकट घरघर केली, दुसऱ्या एकाने वायरी लावण्यातच आपला वेळ घालवला आणि अजून आवाज येत नाही म्हणून माफी मागून उतरला. मग एक नवी बाई उठली. नतालिया टेशेरा, पोर्तुगीज चर्चशेजारी फुलांचं दुकान आहे तिचं. मंडळात पहिल्यांदाच आली होती. तिने टेबलावर यंत्र ठेवलं आणि मी कॉफी ओतता ओतता थांबले. लाल ठिपके. रंग जरा उडालेला.

तिने काही पुसलेलं नव्हतं. तिला पुसायचं असतं हेच माहीत नव्हतं, मंडळात आली नव्हती ना अजून. ती बाई ते यंत्र स्वयंपाकघरात ठेवते, माशाच्या तळणाचा वास पार कॉफीपर्यंत येत होता. पट्ट्यांवर तेल चमकत होतं. माझा हात फडक्याकडे गेला आणि मग तिने सुरुवात केली.

आधी बसचं दार उघडलं. मग फावडं, सावकाश, दूर कुणीतरी आपल्या अंगणात बर्फ काढतंय असं. मग बराच वेळ तिचं स्वतःचं काहीतरी, साधंच, चर्चमध्ये वाजवतात त्यातलं. आणि अगदी शेवटी, आपण विसरून गेल्यावर, हेल्मीने श्वास आत ओढला, थांबली आणि हसली. एकदाच. तिथे गाणं संपलं. मी ते हसू गाण्याच्या सुरुवातीला घालून इतकी वर्षं पुढे काय करावं म्हणून डोकं फोडत होते. ते शेवटी होतं. लोकांच्या हातातल्या विंग्ज हातातच राहिल्या होत्या.

टाळ्या झाल्यावर तिने सांगितलं की हे आवाज तिने केलेले नाहीत, यंत्रात आधीच होते, नावं देऊन ठेवलेले. ही हेल्मी कोण आणि हे करणारं माणूस कोण, कुणाला माहीत आहे का, तिला आभार मानायचे आहेत. ड्वाइटने वळून माझ्याकडे बघितलं. तुझ्याकडेही असाच एक होता ना, म्हणाला. मी सांगितलं की माझा वेगळा होता.

का खोटं बोलले ते तुला सांगते. माझं म्हटलं असतं तर ते माझ्या घरातून कसं गेलं हेही सांगावं लागलं असतं. आणि त्या तळघरात, तुला कोपऱ्यातली खुर्ची देणाऱ्या लोकांसमोर, बहिणीचं यंत्र देऊन कपाट आणणारा म्हणून तुझं नाव झालं असतं. मला ते होऊ देववलं नाही. तुझ्यासाठी मी माझेच आवाज परके केले, आणि ते आवाज ऐकून माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती. ज्यांची किळस करत आले त्यांच्यासमोर, तुझी अब्रू झाकायला. घरी येऊन तोंड धुतलं तरी तोंडातली कडू चव गेली नाही. तुझी किळस जुनी झाली होती, आता माझीही वाटते.

मंडळात मी पुन्हा जाणार नाही. हे पत्र हेल्मीला वाचून दाखव. या वेळी सगळं.

ओडेट

---

सडबरी, २७ मे

ती. वन्संना,
हेल्मीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यांनी मला वाचून दाखवलं, स्टोव्हपाशी उभं राहून, काही न गाळता. माझ्या हसण्याचा मजकूर आला तिथे थांबले, मग पुढे वाचलं. ते ठिपके तुमचे होते आणि दार मी धरलं होतं, हे कळल्यावर मला जे वाटलं ते यांना ऐकवलं. तुम्हाला लिहीत नाही, पत्र पोस्टातून जायचं आहे.

त्यानंतर यांनी सौनात पाऊल टाकलं नाही. गेल्या गुरुवारी कामावरून परस्पर गाडी काढली, जेवणाचा डबासुद्धा हातातच होता, आणि शुक्रवारी दुपारी परत आले. मला वाटलं तुमच्याकडे गेले असतील. नाही म्हणाले. ते तुमच्या मंडळात गेले. तुम्ही नाही हे माहीत असूनच गेले की तुम्ही भेटाल म्हणून, ते मी विचारलं नाही. तिथे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायला कुणीतरी बोलावलं तर बसले नाहीत. उभ्यानेच सांगितलं की तो सिंथ ओडेटचा, आवाज ओडेटचे, तो मी तिला न विचारता देऊन टाकला, आणि ती त्या दिवशी खोटं बोलली ती माझ्यासाठी. लोक खात होते, खायचे थांबले. ते डॉक्टर तर दुसरीकडे बघू लागले म्हणे. त्या फुलवाल्या बाईने मात्र तुमचा पत्ता मागून घेतला.

तुमच्या दारावरून गाडी नेली, पण थांबायचा धीर झाला नाही असं म्हणाले. मी त्यांना शाबासकी दिलेली नाही. केलं ते केलंच आहे.

रविवारी सौनातून घासल्याचे आवाज येत होते. मी मदतीला गेले नाही. संध्याकाळपर्यंत सगळं गॅरेजमध्ये हललं होतं. मग मी शेगडी पेटवली. फळ्यांना अजून प्लास्टिकचा आणि सिगरेटचा वास येतो, वाफ धरली की तो आणखी चढतो. तरी बसले. लेम्पीला कळवून टाकलं की आता येणार नाही.

यांच्यावर लोभ ठेवायचा की नाही ते तुम्ही बघा. माझ्यावर राहू द्या.

आपली
हेल्मी

---

हॅमिल्टन, ९ जून

चि. रेआल यास,
चि. लिहिलंय, उगाच फार अर्थ काढू नकोस. वि. वि.

तू इथवर येऊन माझ्या दारावरून परत गेलास. घरात सूप होतं. मंडळात उभा राहिलास ते चांगलं केलंस असं म्हणवत नाही, कारण मी तुझ्यासाठी खोटं बोलून जे गिळलं ते सगळं फुकट गेलं. पण हेल्मीचं पत्र वाचून तोंडाची कडू चव जरा कमी झाली हे खरं.

नतालिया येऊन गेली. सिंथ रजईत गुंडाळून आणला होता. मला वाटलं परत द्यायला आली. बसायच्या आधीच तिने सांगून टाकलं की यंत्र तिने सरळ व्यवहारात घेतलं आहे, ती रोज वाजवते आणि ते ती सोडणार नाही. पण आवाज माझे आहेत, तेव्हा ते मी उतरवून घ्यावेत, तोवर ती थांबेल. मला तिची चीड यायला हवी होती. आली नाही. मी फडकं घेऊन पट्ट्यांवरचं तेल पुसायला लागले तर म्हणाली की कशाला कष्ट घेता, संध्याकाळी पुन्हा मासे तळायचे आहेत. माझ्या टेबलक्लॉथला अजून वास येतोय.

जुना कॅसेट रेकॉर्डर जोडला आणि आवाज उतरवायला घेतले. ते यंत्र कॅसेटवर आपली मेमरी ओतताना जे किंचाळतं ते तुला ठाऊक आहे. दोघी कानांवर हात ठेवून बसलो होतो. झाल्यावर बरोबर उतरलं का म्हणून एकेक नाव तपासत गेले. एका जागी मी दिलेल्या नावाऐवजी नतालियाने दिलेलं नाव होतं. तिने सांगितलं की तिला स्वतःचा एक आवाज ठेवायचा होता आणि जागा शिल्लक नव्हती. म्हणून तिने सगळे ऐकून पाहिले आणि ज्याचा कुठेच उपयोग होण्यासारखा नव्हता तेवढा एक काढून टाकला.

तो तुझा होता. तुला मी कधी सांगितलं नव्हतं. एकदा तू इथे बिअर पीत यंत्राला टेकून उभा होतास, बोलण्याच्या भरात तुझं कोपर आवाज घडवायच्या सरकपट्ट्यांवर पडलं आणि आतून असा आवाज निघाला की दलदलीत रुतलेलं मूस सांबर हंबरतंय. तू घाबरून बिअर सांडलीस. भिकार आवाज होता, कुठल्याही गाण्यात बसला नसता. मी तो ठेवला आणि त्याला रेआल नाव दिलं. नवीन काही करायचं झालं की जागा करायला हवी असायची, आणि दर वेळी मी दुसराच कुठलातरी आवाज काढायची. तुझा काढला नाही.

बाकी सगळे आले, हेल्मीही आली. तुझा तेवढा गेला. नतालियाला मी काही बोलले नाही. तिने त्या जागी ठेवलेला आवाज चांगला आहे, तुझ्यापेक्षा कितीतरी चांगला. ती चहा पीत होती तेवढ्यात मी तुझा पुन्हा करून बघितला. ती गेल्यावर माझ्याकडच्या लहान यंत्रावरही करून बघितला. होत नाही. कुठली सरकपट्टी किती सरकली होती मला माहीत नाही, कोपर तुझं होतं. मग फर्नेसपाशी बसून रडले. रडताना तुझी किळसही येत होती, दोन्ही एकदमच चाललं होतं.

१ जुलैच्या सुट्टीला दोघं या. नतालियाला मी सांगून ठेवलंय, ती यंत्र घेऊन येईल. तू कुठलंही यंत्र आणायचं नाहीस, नवं नाही, जुनं नाही, दाखवायला म्हणूनसुद्धा नाही. बिअर माझ्याकडे आहे. तू कोपर घेऊन ये.

लोभ बराच कमी झाला आहे, संपलेला नाही.

ओडेट